भाजलेली त्वचा आणि घरगुती लेप

चुलीवरचे आधण हातावर सांडले की घरातली पहिली धाव पाण्याकडे नसते, फडताळाकडे असते. कोणी तूप आणतो, कोणी हळद, कोणी दातांची पेस्ट. अलीकडे तर चेहऱ्याला लावण्याच्या सीरमची कुपीही पुढे होते. वस्तू नैसर्गिक असली म्हणजे अपाय होत नाही, अशी त्यामागील समजूत असते.

अंड्यातील पांढरा भाग उष्णतेने साकळतो, तशीच त्वचेच्या पेशींतील प्रथिनेही साकळतात. हा परिणाम तपमानाइतकाच काळावरही अवलंबून असतो. मॉरिट्झ व हेन्रिक्स या अमेरिकन संशोधकांनी १९४७ साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांनुसार ४४ अंश सेल्सियसला त्वचा भाजण्यास सुमारे ६ तास लागतात. ६० अंशांना सुमारे ५ सेकंद पुरतात. आधण निथळून गेले तरी त्वचेत शिरलेली उष्णता काही काळ तेथेच राहते व खालच्या पेशी मारीत जाते. म्हणून भाजलेला भाग वाहत्या थंड पाण्याखाली २० मिनिटे धरावा. पहिल्या ३ तासांत केव्हाही त्याचा उपयोग होतो. बर्फ मात्र लावू नये, कारण त्याने रक्तवाहिन्या आकसून इजा वाढते. तूप वा पेस्ट उष्णता काढून घेत नाही. उलट जखम किती खोल आहे हे डॉक्टरांना पाहणे कठीण करून ठेवते.

मग या लेपांचा एवढा लौकिक कसा? केसांची मुळे व घामाच्या ग्रंथी शाबूत असतील, तर त्यांच्या कडांपासून नवी बाह्यत्वचा आपोआप वाढते आणि उथळ जखम दोन-तीन आठवड्यांत भरून येते. श्रेय मिळते ते त्या दिवसांत जे काही लावले असेल त्याला! याकरिता तुलना करूनच पाहावे लागते. सोलापूरच्या डॉ. सुब्रह्मण्यम् यांनी तशी तुलना केली. १९९१ साली प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या अभ्यासात १०४ रुग्ण होते. मध लावलेल्यांपैकी ८७ टक्के रुग्णांच्या जखमा १५ दिवसांत भरल्या. चांदीयुक्त मलम लावलेल्यांत हे प्रमाण १० टक्के होते. ते मलमच जखम भरण्यास विलंब लावते, असे पुढे दिसून आले. तेव्हा हा विजय काहीसा दुबळ्या प्रतिस्पर्ध्यावरचा म्हणावा लागेल. तथापि इतर पट्ट्यांशी केलेल्या तुलनेतही मध सरस ठरला. अर्थात हे उपचार रुग्णालयाच्या देखरेखीखाली झाले होते. स्वयंपाकघरातील उघड्या बरणीतला मध ही निराळी वस्तू होय.

लिंबाची गोष्ट याच्या उलट. त्याच्या सालीत व रसात फ्युरोकुमरिन नावाची द्रव्ये असतात. ती त्वचेवर असताना ऊन लागले, तर एक-दोन दिवसांत भाजल्यासारखे फोड उठतात व डाग महिनोन् महिने टिकतात. क जीवनसत्त्वाची पुष्कळशी सीरमेही बरीच आम्लधर्मी असतात. धड त्वचेचा वरचा मृत थर ती आम्लता सोसतो. भाजलेल्या जागी तो थरच उरलेला नसतो.

जखम तळहाताहून मोठी असेल, चेहऱ्यावर किंवा सांध्यावर असेल, अथवा रुग्ण लहान मूल असेल, तर पाण्यानंतर स्वच्छ कापड झाकून थेट रुग्णालय गाठावे. पांढरी पडलेली आणि न दुखणारी जखम विशेष गंभीर समजावी, कारण तेथील वेदनातंतूच जळून गेलेले असतात.