खारपाणपट्ट्यातून समुद्राकडे

1980 च्या दशकात बुलढाणा जिल्ह्यातल्या आमच्यासारख्या प्राथमिक शाळांत समुद्र म्हणजे भिंतीवरचा एक तक्ता असे. देवमासा, खेकडा, तारामासा, कासव, सगळे एकाच मापाचे. मुलं नावं घोकायची आणि पेपरात पाच नावं लिहिली की समुद्र संपायचा.

वाट खरं तर कधीच पडलेली होती. 1945 मध्ये ताराबाई मोडकांनी बोर्डीला बालवाडी सुरू केली, तेव्हा माँटेसोरीच्या महाग साधनांऐवजी त्यांनी परिसरातल्या वस्तू हाताशी घेतल्या. बोर्डीच्या दारातच समुद्र. आमच्याकडे तो आणायचा कुठून, असं शिक्षक विचारायचे. 2015 च्या ‘प्रगत शैक्षणिक महाराष्ट्र’नंतर कृतीतून शिकवण्याचा आग्रह वाढला, तेव्हा आम्ही मुलांनाच सांगितलं, घरात समुद्रातलं काय आहे ते शोधा. देवघरातला शंख निघाला. तुळजाभवानीच्या आराध्याच्या घरातून कवड्या आल्या. काष्ठौषधीच्या दुकानात समुद्रफेस मिळाला, तो माकूल नावाच्या प्राण्याच्या अंगातला पांढरा, हलका भाग. आठवडी बाजारातून चिमूटभर जवळा आणला (माळकरी घरांतल्या मुलांवर तो हाताळायची सक्ती केली नाही) आणि भिंगाखाली त्याच्या मिशा न् सांधेदार पाय दिसले.

एकीनं कवडी कानाला लावून विचारलं, “सर, हिच्यात कोन रायत होतं?” तक्त्यानं हा प्रश्न कधी विचारायला लावला नव्हता. कवडीतली गोगलगाय जिवंतपणी आपलं मऊ अंग बाहेर पसरून कवच झाकून ठेवते, म्हणून कवडी इतकी तुळतुळीत. आणि पूजेतला शंख हे वाळूतले किडे खाणाऱ्या गोगलगाईचं घर! हे कळल्यावर मुलं शंख फार जपून हाती घेऊ लागली. माझ्या मते समुद्री प्राण्यांच्या धड्याची खरी पूर्वतयारी हीच. आधी तो जीव जगतो कसा याची उत्सुकता, नाव मागाहून.

दुसरी तयारी पाण्याची. जळगाव जामोद, संग्रामपूर, शेगाव, नांदुरा हा पूर्णेकाठचा खारपाणपट्टा. तिथल्या पोरांना खारं पाणी काय ते सांगावं लागत नाही. एक लिटर पाण्यात 35 ग्रॅम मीठ विरघळवलं की साधारण समुद्राइतका खारटपणा येतो. त्याचा थेंब जिभेवर ठेवून मुलं गावच्या विहिरीशी तुलना करत. मग लोणार आपोआप निघायचं. पाणी खारं, तरी सरोवरात मासे का नाहीत? कारण ते नुसतं खारं नाही, अल्कधर्मीही आहे. सामू दहाच्या आसपास. 2020 च्या जूनमध्ये ते गुलाबी झालं, मीठ मानवणाऱ्या सूक्ष्मजीवांमुळे, तेव्हा शाळा बंद होत्या. ती संधी गेल्याची हळहळ अजून वाटते.

मापासाठी मैदानच हवं. निळा देवमासा 30 मीटरपर्यंत वाढतो. तेवढी दोरी ताणली आणि शेजारी दोन फुटांच्या पाठीचं ऑलिव्ह रिडले कासव चुन्यानं काढलं.

कासवानं मात्र वर्ग बराच काळ धरून ठेवला. कोकणातल्या वेळासला सह्याद्री निसर्ग मित्र या संस्थेनं 2002 पासून केलेलं घरट्यांचं रक्षण मुलांना गोष्टीसारखं आवडायचं. 2023 च्या फेब्रुवारीत गुहागरला ‘बागेश्री’ या कासवाला उपग्रह ट्रान्समीटर बसवला आणि ती श्रीलंकेला वळसा घालून बंगालच्या उपसागरात पोचली. पुढे जानेवारी 2025 मध्ये उलटी बातमी आली. 2021 मध्ये ओडिशात बिल्ला लावलेली मादी गुहागरला अंडी घालताना सापडली. बिल्ल्यावरून वाट कळत नाही. म्हणून मुलांनी नकाशावर दोन दोरे टाकले, एक रामेश्वरजवळून, एक श्रीलंकेच्या दक्षिणेनं. दुसरा बराच लांब पडला. तरीही बागेश्रीचा दाखला देऊन अख्ख्या वर्गानं त्यालाच कौल दिला.