गॅरेजचं दार मोबाईलला जोडताना

शाळांना सुट्टी लागली की इथली बरीच मराठी घरं सहा-आठ आठवड्यांसाठी भारतात जातात. टॅक्सी विमानतळाच्या वाटेला लागते आणि मागच्या सीटवरून प्रश्न येतो, ‘गॅरेजचं शटर बंद झालेलं नक्की बघितलंत ना?’ हा प्रश्न कायमचा मिटावा म्हणून आज अनेक जण गॅरेजचं दार मोबाईलला जोडायला निघतात. बाजारात त्यासाठी खूप काही मिळतं. पण त्यातलं काय घ्यायचं, कुठल्या क्रमाने घ्यायचं आणि कुठे हात आखडता घ्यायचा, हे दुकानदार सांगत नाही. म्हणून आजचा विषय हा.

फ्लॅटमध्ये राहणाऱ्यांना आधीच सांगतो. बेसमेंटचं गेट बिल्डिंगचं असतं, त्याला हात लावायचा नाही. मी बोलतोय ते व्हिला किंवा टाउनहाउसच्या स्वतंत्र गॅरेजबद्दल आणि कंपाउंडच्या सरकत्या गेटबद्दल. पुण्याला किंवा नाशिकला आईबाबांच्या बंगल्याला मोटरचं गेट बसवलं असेल, तर तिथेही यातलं बहुतेक सगळं लागू पडतं.

गॅरेजच्या छताला टांगलेली मोटर बघा. भिंतीवर एक बटण असतं आणि तिथून मोटरपर्यंत दोन बारीक वायरी जातात. बटण दाबलं की या दोन वायरी क्षणभर एकमेकींना टेकतात आणि मोटर चालू होते. आपण या बटणाला समांतर एक छोटा रिले जोडतो. वाय-फायवरून हुकूम आला की तो अर्धा सेकंद त्या दोन वायरी टेकवतो आणि सोडतो. मोटरला वाटतं कुणीतरी बटण दाबलं. जोडणी खरोखर एवढीच आहे, आणि भिंतीवरचं बटण व जुना रिमोट पूर्वीसारखेच चालू राहतात. भाड्याच्या घरात हे सोयीचं, कारण घर सोडताना रिले काढून नेता येतो. मालकाला मात्र आधी विचारा. बाहेरून दिसेल असं काही लावणार असाल तर वसाहतीच्या व्यवस्थापनालाही.

रिले घेताना एक काळजी घ्या. तो ‘ड्राय कॉन्टॅक्ट’ प्रकारचा हवा, म्हणजे नुसत्या वायरी टेकवणारा, स्वतःची वीज पुढे न पाठवणारा. शेली कंपनीचं ‘शेली वन’ असं आहे. त्याच्याच शेजारी, दिसायला तसंच असलेलं ‘शेली वन पीएम’ मात्र पुढे २३० व्होल्ट पाठवतं. ते मोटरच्या त्या बारीक वायरींना जोडलं तर मोटरचा सर्किट बोर्ड जळतो. नावात दोन अक्षरांचा फरक आहे, म्हणून खोक्यावरचं नाव दोनदा वाचा.

दोन ठिकाणी ही साधी जोडणी चालत नाही. अमेरिकेतले श्रोते असतील तर मोटरवरचं ‘लर्न’ बटण बघा. चेंबरलेन किंवा लिफ्टमास्टरच्या मोटरवर ते पिवळं असेल, तर भिंतीवरचं बटण सांकेतिक भाषेत बोलतं. नुसत्या वायरी टेकवून काही होत नाही, त्यासाठी ती भाषा येणारं वेगळं उपकरण लागतं. दुसरं म्हणजे गुंडाळलं जाणारं रोलर शटर. त्याच्या नळीतल्या मोटरला वर आणि खाली अशा दोन वेगळ्या वायरी असतात आणि दोन्हींत घरातली पूर्ण वीज असते. दोन्ही एकदम चालू झाल्या तर मोटर बिघडते. तिथे एकाच वेळी एकच दिशा चालू देणारा रिले लागतो, आणि ते काम इलेक्ट्रिशियनचं.

आता मुद्द्याचं. भिंतीवरच्या बटणाला दार उघडं आहे की बंद, हे मुळीच कळत नाही. ते दर वेळी फक्त ‘आत्ता जे करतोयस त्याच्या उलट कर’ एवढंच सांगतं. रिलेही तसाच. समजा तुम्ही डोंबिवलीत जेवायला बसला आहात आणि मनात शंका आली. तुम्ही मोबाईलवर ‘बंद’ दाबलं. दार आधीच बंद असेल, तर तेच बटण दार उघडेल. तुम्ही निवांत झोपाल आणि शारजातलं गॅरेज रस्त्याकडे तोंड करून सताड उघडं राहील.

म्हणून माझा सल्ला असा, की आधी सेन्सर घ्या, रिले नंतर. सेन्सर दोन प्रकारचे. एक दाराला चिकटवायचा, तो दार उभं आहे की आडवं हे सांगतो. दुसरा लोहचुंबकाचा, दार जमिनीला टेकलं की त्याची जोडी जुळते. सरकत्या गेटला दुसराच लागतो. एकच लावणार असाल तर दार पूर्ण बंद होतं तिथे लावा. दोन लावलेत तर दार मध्येच अडकलेलंही कळतं. इथल्या उन्हाळ्यात बॅटरीपेक्षा वायरीचा सेन्सर बरा. बिनएसीच्या गॅरेजमध्ये छताजवळ किती तापतं हे तुम्हाला माहीत आहेच, आणि या प्रकारच्या बऱ्याच उपकरणांच्या कागदावर कमाल ४० अंश छापलेलं असतं. रिलेही शक्य असेल तर भिंतीवर खालच्या बाजूला, सावलीत बसवा.

रिले लावलात की दुसरी जबाबदारी येते. दार उघडणं चोराच्या दृष्टीने सोयीचं, पण दार बंद करणं लहान मुलांच्या दृष्टीने धोक्याचं. भिंतीवरचं बटण दाबणारा माणूस समोर उभा असतो, त्याला दाराखाली सायकल किंवा मूल दिसतं. मोबाईलवरून दाबणाऱ्याला दिसत नाही. अमेरिकेत १९९०च्या कायद्यानंतर, १ जानेवारी १९९३पासून बनणाऱ्या घरगुती गॅरेज मोटरना अडकण्यापासून संरक्षणाची सोय सक्तीची झाली. दाराच्या दोन्ही बाजूंना, जमिनीपासून साधारण १५ सेंटिमीटरवर जे छोटे डोळे दिसतात ते त्यासाठीच. त्यांच्यामधला किरण तुटला की बंद होणारं दार थांबून उलटं जातं. तिथल्या नियमांत दुरून बंद करण्यासाठी आणखी एक अट आहे. दार हलायच्या आधी काही सेकंद दिवा लुकलुकला पाहिजे आणि आवाज झाला पाहिजे.

इथे अमिरातीत युरोपीय पद्धतीच्या मोटर आणि गेट भरपूर आहेत. त्यांतल्या अनेकांच्या बोर्डवर डोळ्यांची जागा रिकामी ठेवता येत नाही, सर्किट पूर्ण लागतं. म्हणून डोळे बसवलेलेच नसतील तर बसवणारा तिथे वायरीचा एक तुकडा लावून मोकळा होतो. मोटर समजते की सगळं ठीक आहे. घर भाड्याने घेणाऱ्याला हे कधीच कळत नाही. तेव्हा मोबाईलला जोडण्याआधी दार बंद होत असताना बाजूला उभं राहून लांब झाडूचा दांडा किरणाच्या आड धरून बघा. दार उलटं फिरलं नाही, तर रिलेचे पैसे आधी डोळे बसवण्यात घाला. डोळे असतील तर पुसत राहा. धुळीच्या वादळानंतर दार बंदच होत नाही अशी तक्रार आली, तर पहिला संशय त्या काचेवरच्या धुळीवर घ्यावा. दुसरी परीक्षा, जाड लाकडाचा ठोकळा दाराखाली आडवा ठेवा आणि दार बंद करा. ठोकळ्याला लागून दार परत वर गेलं पाहिजे.

आपोआप चालणाऱ्या गोष्टींबद्दल माझं मत थोडं जुन्या वळणाचं आहे. ‘रात्री दहाला दार उघडं असेल तर मोबाईलवर कळव’ हे उत्तम. ‘गाडी गल्लीत आली की आपोआप उघड’ हे मी कुणालाही सुचवत नाही. फोनचा जागेचा अंदाज कधीकधी चुकतो. रात्री दोन वाजता फोनला वाटलं की तुम्ही बाहेर जाऊन परत आलात, तर दार उघडणार. आवाजी हुकुमांच्या बाबतीत कंपन्यांनीही हात राखला आहे. अलेक्सा आणि गुगल गॅरेज उघडायला पिन मागतात. तो पिन मुलांसमोर मोठ्याने म्हणायचा नाही, एवढं पथ्य आपलं.

तुमचा हुकूम जातो कुठून, हेही बघायला हवं. मोबाईल तुमच्या हातात, दार तुमच्या घरात, पण मध्ये बहुतेक वेळा एखाद्या कंपनीचा सर्व्हर असतो. २०२३ साली याची दोन उदाहरणं घडली. एप्रिलमध्ये अमेरिकेच्या सायबर सुरक्षा संस्थेने, सिसाने, नेक्स कंपनीच्या गॅरेज उपकरणांबद्दल इशारा दिला. सगळ्या उपकरणांसाठी एकच पासवर्ड आतच लिहून ठेवलेला होता. ज्याला तो सापडला त्याला कुणाचंही दार उघडता आलं असतं, आणि अशी उपकरणं ४० हजारांच्या घरात होती. त्याच वर्षाच्या शेवटी चेंबरलेनने आपल्या मायक्यू सेवेला बाहेरच्या प्रणालींनी जोडणं बंद केलं. होम असिस्टंट या मोफत प्रणालीला ती जोडणी डिसेंबरमध्ये काढूनच टाकावी लागली. लोकांची दारं तीच, मोटर तीच, पण काल चालणारं आज चालेना. ग्राहक आपल्याला बांधलेला राहावा, हे आम्हाला एमबीएच्या वर्गात धोरण म्हणून शिकवलं होतं. इथे तो ग्राहक आपण असतो. म्हणून उपकरण घेताना विचारा, इंटरनेट बंद असताना घरातल्या घरात हे चालतं का? होम असिस्टंटला जोडलेला साधा रिले चालतो.

हे सगळं करून जुना रिमोट तसाच राहिला तर काय उपयोग? रिमोटच्या पोटात छोट्या खटक्यांची रांग असेल, तर तो दर वेळी एकच ठरलेला कोड पाठवतो. १२ खटक्यांचे ४,०९६ कोड होतात. २०१५ साली सॅमी कामकार या अमेरिकी संशोधकाने एका खेळण्यात बदल करून असे सगळे कोड आठ-नऊ सेकंदांत पाठवून दाखवले. एकेक करून पाठवायला अर्धा तास लागला असता. त्याने एकाचं शेपूट दुसऱ्याचं डोकं होईल असे कोड गुंफले.

ही युक्ती आपल्याला शाळेपासून पाठ आहे. वृत्तं शिकताना घोकलेलं ‘यमाताराजभानसलगं’ आठवा. पहिली तीन अक्षरं यमाता, तो य गण. एक अक्षर पुढे सरका, मातारा, तो म गण. पुढे ताराज, राजभा, असं करत लघू-गुरूंचे आठही गण दहा अक्षरांत बसतात. वेगवेगळे लिहिले तर चोवीस अक्षरं लागली असती. गणितात याला डी ब्रुइन यांचं नाव मिळालं आहे. गॅरेजचं दारही याच गुंफणीने उघडतं. यावर उपाय म्हणजे दर वेळी कोड बदलणारा रिमोट, ज्याला रोलिंग कोड म्हणतात. तुमच्या रिमोटमध्ये खटके दिसले, तर रिसीव्हर आणि रिमोट दोन्ही बदलून घ्या.

अमेरिकेतल्या भावाकडून स्वस्तात मोटर मागवायचा मोह टाळा. ती १२० व्होल्टची असते. तिथल्या झेड-वेव्ह उपकरणांची रेडिओ लहर ९०८ मेगाहर्ट्झची, इथली ८६८ची. दोघांचं जमत नाही. रेडिओ वापरणाऱ्या उपकरणाला इथे टीडीआरएची मान्यताही लागते.

आता पुन्हा सुट्टीकडे. निघताना अनेक जण मेन स्विच बंद करतात. मग राउटर बंद, सेन्सर मुका, आणि मोबाईलवर दिसतं ते आठवड्यापूर्वीचं चित्र. राउटर कुठल्या ब्रेकरवर आहे ते आधी शोधून चिठ्ठी लावा आणि तेवढा चालू ठेवा. मोटरचा प्लग मात्र काढा. घर सहा आठवडे बंद असेल तर दुरून गॅरेज उघडायची गरजच काय? छतावरची मोटर बंद असली तरी दार जागेवर धरून ठेवते, आणि सेन्सर ते बंद आहे हे सांगत राहतो. झाडांना पाणी घालणाऱ्या मित्राला घराची किल्ली द्या. दुबईत व्हिलावाल्यांना सुट्टीच्या काळात घरावर नजर ठेवण्याची दुबई पोलिसांची मोफत सेवा त्यांच्या ॲपवर आहे, तिथेही नाव नोंदवा. कॅमेरा लावणार असाल तर तो आपल्याच अंगणाकडे वळवा. शेजाऱ्याचं दार टिपणं इथे कायद्याच्या कक्षेत येतं.

राहिली ती मोटरखाली लोंबणारी लाल दोरी. १६ एप्रिल २०२४चा पाऊस सगळ्यांना आठवत असेल. अल ऐन भागात एका ठिकाणी २५४ मिलिमीटरहून जास्त पडला, गाड्या बुडाल्या. पाणी चढत असताना वीज गेली तर गाडी बाहेर काढायला मोबाईल कामाचा नाही, ती दोरी लागते. ती ओढली की दार मोटरपासून सुटतं आणि हाताने उचलता येतं. घरातल्या प्रत्येक मोठ्या माणसाला, भारतातून आलेल्या आजी-आजोबांनाही, ती एकदा ओढून दाखवा. शक्यतो दार पूर्ण खाली असतानाच ओढायची, कारण वरची स्प्रिंग तुटलेली असेल तर सुटलेलं दार एकदम खाली येतं. आणि गॅरेजमध्ये शिरायला दुसरं दार नसेल, तर बाहेरून किल्लीने सोडवायचं कुलूप आजच बसवून घ्या.