मोगल बादशहांचीं मरणोत्तर नांवें व इस्लामांतील स्वर्गकल्पना

फारसी कागदपत्रें चाळतांना ‘खुल्द-मकान’, ‘अर्श-आशियानी’, ‘जन्नत-मकानी’ अशीं पदें वारंवार आढळतात. तीं निव्वळ शोभेचीं विशेषणें समजून पुष्कळ संग्राहक पुढें जातात. वस्तुतः लेखाचा काल ठरविण्याचें तें एक चांगलें साधन आहे. मात्र त्यामागील परलोककल्पना ध्यानीं घेतल्यावांचून त्याचा नीट उपयोग होत नाहीं.

कुराणांत स्वर्गाचें सामान्य नांव ‘जन्नत’, म्हणजे बाग. ‘फिर्दौस’ हा शब्द मूळचा इराणी. त्याचा अर्थ भिंतीनें वेढलेलें उपवन. हदीसांत तो स्वर्गाचा सर्वांत उंच भाग मानिला असून त्याच्यावर ईश्वराचें सिंहासन, म्हणजे ‘अर्श’, आहे. ‘खुल्द’ म्हणजे चिरंतनता. ‘जन्नतुल्-खुल्द’ हें पद कुराणाच्या २५ व्या सूरेंत येतें. परंतु सामान्य मनुष्य मरतांच स्वर्गीं पोंचतो, असें रूढ मत नाहीं. मृत्यु व कयामत यांमधील अवस्था ती ‘बर्झख’; अखेरचा निवाडा त्यानंतरचा. म्हणून ‘ज्याचें स्थान स्वर्गांत आहे’ अशा अर्थाचें पद हें घडलेल्या गोष्टीचें विधान नसून आशा व प्रार्थना होय. मराठी कागदांतील ‘कैलासवासी’ हें पदही याच धर्तीवर योजिलेलें दिसतें.

मुख्य पदें व त्या त्या बादशहाचें मृत्युवर्ष असें : बाबर, फिर्दौस-मकानी (१५३०), हुमायून, जन्नत-आशियानी (१५५६), अकबर, अर्श-आशियानी (१६०५), जहांगीर, जन्नत-मकानी (१६२७), शहाजहान, फिर्दौस-आशियानी (१६६६), औरंगजेब, खुल्द-मकान (१७०७), बहादुरशहा पहिला, खुल्द-मंझिल (१७१२), महंमदशहा, फिर्दौस-आरामगाह (१७४८). ‘मकान’ म्हणजे स्थान, ‘आशियान’ म्हणजे घरटें, ‘मंझिल’ म्हणजे मुक्काम, ‘आरामगाह’ म्हणजे विश्रांतिस्थान.

यावरून नियम असा निघतो कीं, ज्या लेखांत औरंगजेबास ‘खुल्द-मकान’ म्हटलें आहे, तो आहे त्या रूपांत १७०७ नंतरचा. परंतु तीन सावधगिऱ्या अवश्य आहेत. पहिली : जुन्या ग्रंथाची नक्कल करणारा लेखक हयातीतील नांव काढून मरणोत्तर पद घालूं शकतो, अशा वेळीं पदावरून नकलेचा काल ठरतो, मूळ रचनेचा नव्हे. दुसरी : ‘फिर्दौस’ शब्दानें तीन बादशहांचीं पदें आरंभ पावतात, कसरीनें पुढील शब्द खाल्ला असेल, तर १५३० पासून १७४८ पर्यंतचा घोटाळा संभवतो. तिसरी : ‘मकानी’ दिसलें म्हणजे व्यक्ति मृतच, असें नव्हे. अकबराची माता हमीदा बानू १६०४ मध्यें वारली. पण १६०२ मध्यें मारल्या गेलेल्या अबुल फजलच्या अकबरनाम्यांत ती ‘मरियम-मकानी’च आहे. तें पद स्वर्गवाचक नसून मरियमेच्या योग्यतेचें दर्शक आहे.

या पदांपैकीं एक आपल्या प्रांताच्या भूगोलांतही उतरलें. औरंगजेब अहमदनगर येथें वारला व दौलताबादेजवळील रौझा गांवीं, शेख झैनुद्दीन यांच्या दर्ग्याच्या आवारांत, त्याचें दफन झालें. त्या रौझ्याचें ‘खुलदाबाद’ हें नांव त्याच्या ‘खुल्द-मकान’ या पदाशीं निगडित आहे. म्हणून एखाद्या कागदांत रौझा आहे कीं खुलदाबाद, हेंही संग्राहकानें टिपून ठेवावें.