काच जराशी उघडी ठेवली, तरीही

उन्हाळ्याच्या दिवसांत शनिवार-रविवारी केळवे-माहीमच्या किनाऱ्याकडे येणाऱ्या मोटारींची रांग आता नवलाची राहिलेली नाही. (माहीम म्हणजे येथे पालघर तालुक्यातील माहीम, मुंबईचे नव्हे.) मुंबई, वसई, बोईसर येथून येणाऱ्या काही कुटुंबांसोबत त्यांचा पाळीव कुत्राही असतो. वाटेत जेवणासाठी थांबायचे असते, लग्नाच्या मांडवात हजेरी लावायची असते, बाजारातून काही आणायचे असते. तेवढ्यापुरते त्या मुक्या प्राण्याला गाडीतच ठेवले जाते. मालक निष्काळजी असतो असे नाही. तो आठवणीने काच दोन बोटे खाली करतो आणि 'दहा मिनिटांत येतोच' म्हणून निघून जातो. ही दोन बोटांची फट आणि ही दहा मिनिटे, याच दोन गोष्टींविषयी आम्हांला लिहावेसे वाटते.

जुलै २०२२ मध्ये आग्रा येथे ताजमहालाच्या वाहनतळावर पर्यटकांच्या गाडीत ठेवलेला एक कुत्रा मरण पावला, तेव्हा बातम्यांत 'गुदमरून मृत्यू' असे शब्द आले. अशा प्रत्येक घटनेत हाच शब्द वापरला जातो आणि आमच्या मते तो दिशाभूल करणारा आहे. गुदमरणे म्हटले की हवा अपुरी पडली असे वाटते आणि मग काच थोडी उघडी ठेवली की आपले कर्तव्य संपले, असा समज होतो. वस्तुतः मोटारीत काही वेळातच प्राणवायू संपत नाही. प्राण घेते ती उष्णता.

काचेतून सूर्यप्रकाश सहज आत येतो. आसने, पुढचा डॅशबोर्ड, स्टिअरिंग तो शोषून तापतात आणि आतली हवा तापवू लागतात. परंतु त्यांनी बाहेर टाकलेली उष्णता काचेतून तितक्या सहजपणे परत जात नाही. अमेरिकेतील स्टॅनफर्ड विद्यापीठाच्या संशोधकांनी २००५ साली प्रसिद्ध केलेल्या मोजणीत, बाहेर २२ ते ३६ अंश सेल्सिअस तापमान असताना उन्हात उभ्या गाडीतील तापमान तासाभरात सरासरी २२ अंशांनी वाढलेले आढळले. त्यातील सुमारे ८० टक्के वाढ पहिल्या अर्ध्या तासातच झाली होती. काच थोडी खाली ठेवल्याने या आकड्यांत फारसा फरक पडला नाही. आपल्याकडे ३३ अंशांचा दिवस म्हणजे 'आज जरा बरे आहे' असा दिवस. त्या दिवशीही बंद गाडी अर्ध्या तासात ५० अंशांच्या घरात जाऊ शकते.

सावलीचे काय? किनाऱ्यावर सुरूच्या झाडांखाली गाडी लावली की निर्धास्त वाटते. अमेरिकेतीलच ॲरिझोना राज्यात २०१८ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात, कडक उन्हाळ्याच्या दिवशी तासाभरानंतर उन्हातील गाडी सरासरी ४७ अंशांवर, तर सावलीतील गाडी ३८ अंशांवर पोहोचली होती. सावलीने फरक पडतो, पण कुत्र्याला पुरेल इतका नाही. शिवाय सावली एका जागी थांबत नाही.

माणसाला घाम येतो. कुत्र्याला तो जवळजवळ फक्त पंजांच्या तळव्यांना येतो. त्याचा सारा भरवसा धापा टाकण्यावर. जिभेवरील आणि श्वासमार्गातील ओलावा सुकताना शरीर निवते. येथेच किनारपट्टीचा दोष आडवा येतो. माहीम-तारापूरच्या दमट हवेत आपले वाळत घातलेले कपडेही लवकर सुकत नाहीत, मग जिभेवरचा ओलावा कसा सुकणार? त्यात बंद गाडीत कुत्र्याच्याच श्वासाने दमटपणा वाढत जातो. मालक दिसेनासा झाला म्हणून तो भुंकतो, उड्या मारतो आणि आणखी तापतो. नागपूर-चंद्रपूरच्या तुलनेत आपला पारा खाली असतो, ही गोष्ट म्हणूनच दिलासा देणारी नाही. कुत्र्याचे नेहमीचे तापमान ३८ ते ३९ अंशांच्या आसपास असते. ते ४१ च्या पुढे गेले की मेंदू, मूत्रपिंडे, यकृत यांना इजा होऊ लागते. २००३ मधील 'हच'च्या जाहिरातीनंतर घरोघरी आलेला पग तर सर्वांत आधी कोसळतो, कारण चपट्या नाकामुळे त्याला धड धापाही टाकता येत नाहीत.

हीच गाडी लहान मुलांनाही सोडत नाही. २४ एप्रिल २०२४ रोजी मुंबईच्या ॲन्टॉप हिल भागात खेळायला गेलेली दोन भावंडे एका उभ्या मोटारीत मृतावस्थेत सापडली. दारात उभी असलेली गाडी कुलूपबंद ठेवणे म्हणूनच केवळ चोरांसाठी नसते.

जोराची धाप, घट्ट चिकट लाळ, गडद लाल हिरड्या, झोकांड्या, उलटी ही उष्माघाताची लक्षणे होत. असा कुत्रा दिसल्यास त्याला सावलीत आणून अंगावर भरपूर गार पाणी ओतावे व वारा घालावा. ओला टॉवेल पांघरून ठेवू नये, त्याने उष्णता आतच कोंडते. शुद्ध हरपली असल्यास तोंडात पाणी ओतू नये. आधी निववावे, मग पशुवैद्याकडे न्यावे. आणि तो उठून चालू लागला तरीही न्यावे, कारण आतील इजा काही वेळा दुसऱ्या दिवशी उघड होते. शासकीय पशुवैद्यकीय सेवेसाठी १९६२ हा निःशुल्क क्रमांक आहे. परक्याच्या बंद गाडीत प्राणी दिसला, तर गाडीचा क्रमांक टिपून आसपासच्या हॉटेलात वा मांडवात पुकारा करावा, ११२ वर पोलिसांना कळवावे आणि कोणी येईपर्यंत तेथून हलू नये.

कायद्याचा धाक मात्र विषम आहे. प्राण्यांना क्रूरतेने वागविण्यास प्रतिबंध करणाऱ्या १९६० च्या कायद्यात पहिल्या गुन्ह्यास १० ते ५० रुपये दंड सांगितला होता. त्या रकमेत आज एक वेळचे जेवणही येत नाही. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेच्या कलम ३२५ मध्ये प्राण्याला ठार मारणे वा निकामी करणे यासाठी पाच वर्षांपर्यंत कैद आहे, परंतु त्यासाठी हेतू किंवा परिणामाची जाणीव सिद्ध व्हावी लागते. 'काच उघडी ठेवली होती' असे सांगणाऱ्या मालकाबाबत ती सिद्ध करणे सोपे नाही.