अनुदिनीचे साधन आणि संकेतस्थळाची व्यवस्था

तालुक्याच्या गावातील एखाद्या सार्वजनिक ग्रंथालयाचे संकेतस्थळ उघडावे आणि दोन वर्षांपूर्वीच्या व्याख्यानमालेची सूचना ‘आगामी कार्यक्रम’ या मथळ्याखाली आढळावी, हा अनुभव दुर्मीळ नाही. त्याचा दोष सहसा ग्रंथपालाच्या आळसाला दिला जातो. खरे कारण मात्र पुष्कळदा निराळे असते. संकेतस्थळ बांधून देणारा तंत्रज्ञ निघून गेलेला असतो आणि त्या सूचनेतील चार शब्द बदलण्याची विद्याही त्याच्याबरोबरच गेलेली असते. ज्याच्यापाशी मजकूर आहे त्याला तो बदलता येत नाही, आणि ज्याला बदलता येतो त्याला मजकुराशी कर्तव्य नसते. ही फारकत दूर कशी झाली, आणि ती दूर करणारे साधन मुळात रोजनिशी लिहिण्यासाठी घडवलेले कसे होते, हे समजून घेणे उद्बोधक आहे.

हाताने रचलेली पाने

१९९० च्या दशकात संकेतस्थळाचे प्रत्येक पान ही बहुधा एक स्वतंत्र फाइल असे. एचटीएमएल या खुणांच्या भाषेत ती लिहिलेली असे आणि तिच्यात मजकूर, मथळा, रंग, कडेची अनुक्रमणिका आणि तळाचा पत्ता हे सर्व एकत्र गुंफलेले असे. साठ पानांचे संकेतस्थळ म्हणजे साठ फायली. संस्थेचा दूरध्वनी क्रमांक बदलला तर साठही फायली उघडाव्या लागत आणि एखादी नजरेतून निसटली तर जुना क्रमांक तेथे वर्षानुवर्षे राही. मोठ्या वृत्तसंस्था व उद्योगगृहे यांच्यासाठी मजकुराची व्यवस्था पाहणाऱ्या प्रणाली त्या काळातही होत्या. परंतु त्यांची किंमत आणि त्यांना लागणारा कुशल कर्मचारीवर्ग या दोन्ही गोष्टी लहान संस्थांच्या आवाक्याबाहेरच्या होत्या.

भारतीय भाषांच्या बाबतीत अडचण दुहेरी होती. अनेक संकेतस्थळांवरील देवनागरी मजकूर युनिकोड या सामाईक संकेतप्रणालीत नसून एखाद्या विशिष्ट फाँटच्या खासगी संकेतांत साठवलेला असे. तो फाँट संगणकावर नसला की अक्षरांच्या जागी निरर्थक चिन्हे दिसत. येथे आशय आणि त्याचे बाह्य रूप यांची गाठ इतकी घट्ट होती की रूप हरपताच आशयही हरपत असे.

रोजनिशीची सोय

याच सुमारास काही हौशी लेखक आपली टिपणे तारखेनुसार जालावर मांडू लागले होते. १९९७ मध्ये अमेरिकेतील जॉर्न बार्गर याने अशा लेखनासाठी ‘वेबलॉग’ हा शब्द योजला. १९९९ मध्ये त्याचे संक्षिप्त रूप ‘ब्लॉग’ रूढ होऊ लागले. मराठीत त्याला ‘अनुदिनी’ असा समर्पक शब्द मिळाला. १९९९ च्या ऑगस्टमध्ये पायरा लॅब्ज या लहानशा कंपनीने ‘ब्लॉगर’ ही सेवा सुरू केली. लेखकाने एका चौकटीत मजकूर लिहावा, कळ दाबावी आणि तो मजकूर तारखेसह, सर्वांत वर, प्रसिद्ध व्हावा, एवढीच तिची प्रतिज्ञा होती.

या साध्या सोयीच्या पोटात एक महत्त्वाचे तत्त्व दडलेले होते. लेखकाने लिहायचा तो केवळ मजकूर. तो कोठे, कोणत्या अक्षरांत, कोणत्या चौकटीत दिसावा हे एका साच्यात एकदाच ठरवून ठेवायचे. साचा बदलला की जुन्या-नव्या सर्व नोंदींचे रूप बदलते, मजकुराला मात्र धक्का लागत नाही. मोठ्या संस्था ज्या सोयीसाठी मोठी रक्कम मोजत होत्या, तिचा गाभा रोजनिशी लिहिणाऱ्याच्या हाती जवळजवळ विनामूल्य आला होता.

वर्डप्रेसचा उगम

या परंपरेतील सर्वांत प्रभावी साधन म्हणजे वर्डप्रेस. मिशेल वाल्द्रिगी या फ्रेंच प्रोग्रॅमरने २००१ मध्ये ‘बी२’ नावाची अनुदिनी-प्रणाली लिहिली होती. पुढे तिचे काम थंडावले. तिचा परवाना मुक्त स्वरूपाचा असल्यामुळे ती पुढे नेण्यास कोणालाही मज्जाव नव्हता. २००३ च्या जानेवारीत मॅट मलनवेग या अमेरिकन विद्यार्थ्याने तसा मनोदय जाहीर केला, इंग्लंडमधील माइक लिटल याने त्याला साथ दिली, आणि २७ मे २००३ रोजी वर्डप्रेसची पहिली आवृत्ती प्रसिद्ध झाली. मे २००४ मध्ये ‘मूव्हेबल टाइप’ या त्या वेळच्या अग्रगण्य प्रणालीने आपल्या परवान्याच्या अटी कडक केल्या, तेव्हा तिचे अनेक वापरकर्ते वर्डप्रेसकडे वळले.

रोजनिशीचे साधन संपूर्ण संकेतस्थळ सांभाळू लागले ते पायरीपायरीने. २००४ मध्ये ‘प्लगिन’, म्हणजे मूळ प्रणालीला बाहेरून जोडता येणारे पूरक भाग, यांची सोय झाली. फेब्रुवारी २००५ च्या १.५ या आवृत्तीत ‘थीम’, म्हणजे रूपाचे तयार साचे, आले आणि तारखेच्या क्रमाबाहेर राहणारी ‘पाने’ही आली. जानेवारी २००७ च्या २.१ या आवृत्तीपासून अशा एखाद्या पानाला मुखपृष्ठाचा मान देता येऊ लागला. जून २०१० च्या ३.० या आवृत्तीने स्वतःच्या गरजेनुसार नवे आशयप्रकार घडवण्याची आणि अनुक्रमणिका हवी तशी रचण्याची मुभा दिली. पाहणी केलेल्या संकेतस्थळांपैकी वर्डप्रेसवर चालणाऱ्यांचे प्रमाण २०२१ मध्ये ४० टक्क्यांच्या पुढे गेले. त्यांतील असंख्य स्थळांवर अनुदिनी म्हणावी असे काहीच नसते.

नोंद आणि पान

आता आरंभीच्या ग्रंथालयाचे उदाहरण घेऊ. त्याच्याजवळील मजकूर मुख्यतः दोन प्रकारचा असतो. संस्थेचा इतिहास, सभासदत्वाचे नियम, वर्गणी, उघडण्याच्या वेळा हा मजकूर स्थायी असतो. व्याख्यानाची सूचना, नव्या ग्रंथांची यादी, सुटीची घोषणा हा मजकूर कालबद्ध असतो. पहिल्यासाठी ‘पान’ योजावे, दुसऱ्यासाठी ‘नोंद’. कोणता मजकूर कोठे घालावा याविषयी संभ्रम पडला तर एक प्रश्न विचारावा: हा मजकूर केव्हा लिहिला गेला हे वाचकाला कळणे आवश्यक आहे काय? उत्तर होकारार्थी असेल तर ती नोंद; नसेल तर ते पान. अनुदिनीच्या साधनावर उभारलेली पुष्कळ संकेतस्थळे विस्कळीत होतात ती या प्रश्नाकडे दुर्लक्ष झाल्यामुळे. वर्गणीचे दर नोंदीत घातले की नव्या सूचनांच्या दडपणाखाली ते खाली खाली सरकतात आणि शेवटी सापडेनासे होतात.

नोंदींना वर्ग पाडून देता येतात. ‘व्याख्याने’ या वर्गातील नोंदी एका ठिकाणी, ‘नवे ग्रंथ’ या वर्गातील दुसऱ्या ठिकाणी, अशी मांडणी मग आपोआप होते. व्याख्यानाची तारीख, वक्ता आणि विषय यांसाठी स्वतंत्र रकाने हवे असतील तर त्याचा निराळा आशयप्रकार करता येतो. मुखपृष्ठासाठी स्थिर पान नेमावे, स्थायी पानांवर वाचकांच्या अभिप्रायांची जागा बंद ठेवावी, आणि तारीख दाखवू नये. एवढे केले की रोजनिशीच्या खुणा पुसल्या जातात.

वाचकाने पान मागितल्यावर पडद्याआड काय घडते? वर्डप्रेसमध्ये मजकूर एका डेटाबेसमध्ये, म्हणजे कोष्टकांत रचलेल्या माहितीसंग्रहात, राहतो. नोंदी आणि पाने दोन्ही एकाच कोष्टकात असतात. कोणती ओळ कोणत्या प्रकारची आहे हे एका रकान्यावरून कळते. मागणी येताच पीएचपी या भाषेत लिहिलेला प्रोग्रॅम योग्य ती ओळ काढतो, साच्यात बसवतो आणि तयार पान वाचकाकडे धाडतो. दूरध्वनी क्रमांक साच्यात एकदाच लिहिलेला असतो. तेथे तो बदलला की सर्व पानांवर बदलतो.

कामाची वाटणीही येथे शक्य होते. ‘योगदानकर्ता’ लिहू शकतो पण प्रसिद्ध करू शकत नाही. ‘संपादक’ इतरांचे लेखन तपासून प्रसिद्ध करतो. ‘प्रशासक’ सर्व किल्ल्या बाळगतो. शिवाय मजकुराच्या आधीच्या आवृत्त्या जपून ठेवल्या जातात, त्यामुळे चुकीचा बदल मागे घेता येतो.

मर्यादा

या साधनाकडून सर्व कामांची अपेक्षा करणे मात्र योग्य नव्हे. ग्रंथालयाची पन्नास हजार ग्रंथांची सूची आणि देवघेवीचा हिशेब नोंदींच्या रूपात सांभाळणे गैरसोयीचे ठरते. त्यासाठी ‘कोहा’सारख्या खास प्रणाली आहेत, न्यूझीलंडमध्ये घडलेली ही मुक्त प्रणाली २००० च्या आरंभी वापरात आली. संकेतस्थळावरून तिच्याकडे वाट दाखवणे पुरेसे असते.

दुसरी मर्यादा सुरक्षिततेची आहे. जे साधन सर्वत्र आहे त्याच्यातील छिद्रही सर्वत्र असते. वर्डप्रेसच्या ४.७ आणि ४.७.१ या आवृत्त्यांत असा दोष होता की परवलीचा शब्द नसतानाही परक्याला नोंदीचा मजकूर बदलता येत असे. २६ जानेवारी २०१७ रोजी दुरुस्त आवृत्ती प्रसिद्ध झाली; तरीही ज्यांनी ती बसवली नाही अशा असंख्य संकेतस्थळांवरील पाने फेब्रुवारीत विद्रूप करण्यात आली. प्रत्येक प्लगिन हे घराला पाडलेले आणखी एक दार असते, आणि ज्याची निगा त्याच्या कर्त्यानेच सोडली आहे ते दार उघडेच राहते. म्हणून प्लगिन मोजके ठेवावेत, नव्या आवृत्त्या वेळेवर बसवाव्यात आणि मजकुराची प्रत नियमितपणे अन्यत्र जपावी.

मजकुराची मालकी

लहान संस्थेच्या दृष्टीने सर्वांत गंभीर प्रश्न मालकीचा आहे. दुसऱ्याच्या सेवेवर विसंबलेले लेखन त्या सेवेच्या आयुष्याशी बांधलेले असते. अमेरिकेतील ‘जिओसिटीज’ या सेवेवर लक्षावधी लोकांनी आपली पाने रचली होती. ऑक्टोबर २००९ मध्ये ती तेथे बंद झाली, आणि त्या पानांपैकी जी स्वयंसेवकांनी व संग्राहकांनी वेळीच उतरवून घेतली तेवढीच शिल्लक राहिली. ‘ब्लॉगर’ची पाने स्वतःच्या सर्व्हरवर प्रसिद्ध करण्याची सोयही २०१० मध्ये काढून घेण्यात आली.

वर्डप्रेस दोन प्रकारे वापरता येते: २००५ मध्ये सुरू झालेल्या वर्डप्रेस डॉट कॉम या तयार सेवेवर, अथवा संस्थेने स्वतः भाड्याने घेतलेल्या सर्व्हरवर. पहिल्या मार्गात निगेचा भार हलका असतो, दुसऱ्यात स्वातंत्र्य अधिक असते. दोन्हींत मजकूर एका फाइलमध्ये बाहेर काढण्याची सोय आहे. मात्र त्या फाइलमध्ये चित्रांचे केवळ पत्ते असतात. चित्रे वेगळी जपावी लागतात. संकेतस्थळाचे नाव संस्थेच्या नावावर नोंदलेले असावे, कर्मचाऱ्याच्या अथवा कंत्राटदाराच्या नावावर नसावे. प्रशासकाचा परवलीचा शब्द एकाच माणसाच्या स्मरणात न राहता संस्थेच्या दप्तरी असावा.

अनुदिनीच्या साधनाने लेखणी ग्रंथपालाच्या हाती परत दिली, हे त्याचे खरे कार्य होय. परंतु लेखणीबरोबर दप्तरही आले. पूर्वी तंत्रज्ञाच्या अनुपस्थितीकडे बोट दाखवता येत असे. आता शिळ्या सूचनेचे उत्तरदायित्व सूचना लिहिणाऱ्याकडेच येते. ज्या संस्थेने कोणत्या मजकुराची काळजी कोणी घ्यायची हे ठरवले आहे, तिला हे साधन दीर्घकाळ उपयोगी पडेल. ते ठरवलेले नसेल, तर ‘आगामी कार्यक्रमां’चे पान नव्या साच्यातही शिळेच राहील.