बापाला देव न करणारा चित्रकार

दरवर्षी ६ डिसेंबरला चैत्यभूमीच्या परिसरात पुस्तकांचे स्टॉल लागतात. नागपूरला दीक्षाभूमीवरही तसेच. गावाकडून आलेली आमची माणसे भाकरीच्या पिशवीत ग्रंथ भरून परत जातात आणि सोबत लेकरांसाठी एखादी रंगीत चित्रकथाही घेतात. त्या चित्रकथेत निळ्या सुटातले बाबासाहेब असतात, डोक्यावर पदर घेतलेली रमाई असते, महाडचे तळे असते. हे सारे असायलाच हवे. परंतु ती पाने चाळताना आम्हांला नेहमी एक प्रश्न पडतो. या चित्रांत आमचा आजोबा कुठे आहे? गिरणीत राबणारा, पैशापैशाला जपणारा, म्हातारपणी सुनेवर खेकसणारा, पण बाबासाहेबांची सभा ऐकायला रात्रभर पायी चालत गेलेला तो माणूस अजून कोणी का काढला नाही?

या प्रश्नाचे उत्तर शोधताना आम्हांला एका परदेशी चित्रकाराकडे जावे लागले. त्याचे नाव आर्ट स्पीगलमन. त्याने तेरा वर्षे खपून आपल्या बापाची चित्रकथा काढली आणि बापाला देव केले नाही. आमच्या तरुण चित्रकारांनी हा माणूस आणि त्याची काम करण्याची रीत समजून घेतली पाहिजे, म्हणून हा लेखप्रपंच.

स्पीगलमनचा जन्म १९४८ चा. आई-वडील पोलंडमधले ज्यू. हिटलरच्या राजवटीत सुमारे ६० लाख ज्यूंची कत्तल झाली, त्यातून व्लादेक आणि आन्या हे दांपत्य ऑश्विट्झच्या छळछावणीतून जिवंत सुटले. त्यांचा पहिला मुलगा मात्र युद्धात गेला. आर्ट हा युद्धानंतर झालेला मुलगा. १९५१ साली हे कुटुंब अमेरिकेत आले. १९६८ साली आईने आत्महत्या केली. घरात भूतकाळ भरून राहिलेला, पण त्यावर नीट बोलणे नाही. वाचकहो, असे घर तुम्हांला अनोळखी वाटते काय?

त्या काळी अमेरिकेत मोठ्या कंपन्यांच्या बाहेर राहून, स्वतःच्या खर्चाने आणि स्वतःच्या मर्जीने कॉमिक्स काढणाऱ्या तरुणांची एक चळवळ उभी राहिली होती. आपल्याकडच्या लघुनियतकालिकांसारखीच तिची जातकुळी होती. १९७२ साली, म्हणजे मुंबईत दलित पँथर उभी राहिली त्याच वर्षी, अशा एका अंकासाठी स्पीगलमनकडे प्राण्यांवरची एक छोटी गोष्ट मागितली गेली. केन जेकब्स हे चित्रपटकार आपल्या वर्गात जुनी कार्टून दाखवून, त्यांत काळ्या माणसांची टिंगल कशी भरलेली आहे ते समजावून सांगत. ते पाहून स्पीगलमनला कल्पना सुचली, की काळी माणसे म्हणजे उंदीर आणि त्यांना छळणारे गोरे म्हणजे मांजरे अशी गोष्ट काढावी. कल्पना चांगली होती, हेतूही चांगला होता. तरीही त्याने ती टाकून दिली. काळ्यांचे जगणे आपण जगलेलो नाही, आपल्याला त्यातले फारसे ठाऊक नाही, हे त्याने स्वतःशी कबूल केले. मग त्याच्या ध्यानात आले की उंदीर आणि मांजर आपल्याच घरात आहेत. नाझींनी १९४० सालच्या आपल्या प्रचारपटात ज्यूंची तुलना उंदरांच्या झुंडीशी केली होती. छावण्यांत माणसे मारायला वापरलेला विषारी वायू हा मुळात कीड आणि उंदीर मारण्याचेच औषध होता. शत्रूने दिलेली शिवी उचलून त्याने तिचे पात्र केले.

आमच्या मते हा प्रसंग प्रत्येक लेखक-कलावंताने वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवावा असा आहे. आमच्या साहित्यात सहानुभूती आणि स्वानुभव यांचा वाद कित्येक दशके चालला. आमचे दुःख परक्यांनी लिहावे काय, यावर परिसंवाद झाले. इथे एक माणूस कोणी न सांगता थांबतो, दुसऱ्याचे दुःख हातातून खाली ठेवतो आणि आपल्या बापाच्या दारात जाऊन बसतो.

ती पहिली गोष्ट अवघी तीन पानांची होती. १९७८ पासून त्याने मोठे काम हाती घेतले. टेपरेकॉर्डर घेऊन तो बापाकडे जाई आणि प्रश्न विचारी. बापाची इंग्रजी मोडकीतोडकी, वाक्यरचना पोलंडकडची. मुलाने ती सुधारली नाही, जशीच्या तशी फुग्यांत घातली. मात्र पोलंडमधल्या जुन्या प्रसंगांत तोच बाप सफाईने बोलतो, कारण तिथे तो आपल्या मायभाषेत बोलत असतो. एवढ्या एका युक्तीने वाचकाला कळते की या म्हाताऱ्याचे शहाणपण कमी नव्हते, फक्त भाषा परकी होती. मुंबईच्या कचेऱ्यांत आमच्या बापजाद्यांची बोली ऐकून तोंड लपवून हसणाऱ्यांना हे कोण सांगणार!

पण खरी कसोटी पुढे होती. व्लादेक हा माणूस सोपा नव्हता. तो रस्त्यात पडलेली तार उचलून खिशात घाली. अर्धे वापरलेले खाद्यपदार्थाचे खोके दुकानदाराला परत करायला जाई. दुसऱ्या बायकोला पैशावरून छळी. ज्यू म्हणजे चिक्कू म्हातारा, हीच तर ज्यूद्वेष्ट्यांनी शतकानुशतके रंगवलेली आकृती! आपण बाप खरा काढला तर शत्रूच्या हाती कोलीत मिळेल, ही भीती चित्रकाराला वाटली. त्याने ती लपवली नाही. पुस्तकातच एका प्रसंगात तो ही काळजी सावत्र आईजवळ बोलून दाखवतो. आणि तरीही बाप खरा काढतो.

असे केल्याने काय झाले? छावणीतला व्लादेक आणि न्यूयॉर्कमधला व्लादेक एकमेकांशेजारी उभे राहिले. छावणीत हाच माणूस पत्र्याचे काम करतो, चांभारकाम करतो, भाकरीचा तुकडा राखून ठेवतो. पलीकडच्या छावणीतल्या बायकोला जवळ आणण्यासाठी लाच द्यावी लागणार म्हणून उपाशी राहून सिगारेटी साठवतो. त्या चोरीला गेल्यावर पुन्हा पहिल्यापासून साठवू लागतो. मग वाचकाला आपोआप उमगते की तार उचलणारा हात आणि सिगारेटी साठवणारा हात एकच आहे. ज्या सवयीने त्याला जगवले, तीच सवय म्हातारपणी घरच्यांना जाचक झाली. चित्रकार हे कुठेही समजावून सांगत नाही. चौकटीशेजारी चौकट ठेवतो, बस्स. पात्र घडवणे म्हणतात ते हेच.

आणखी एक प्रसंग आमच्या वाचकांनी मुद्दाम लक्षात घ्यावा. स्पीगलमनची पत्नी फ्रांस्वाज मूली वाटेत एका काळ्या माणसाला गाडीत लिफ्ट देते. म्हातारा व्लादेक संतापतो आणि त्या माणसाच्या वर्णावरून नको ते बोलतो. सून त्याला सुनावते की नाझी ज्यूंबद्दल जे बोलत तेच तुम्ही बोलता आहात. म्हाताऱ्याला ते पटत नाही. छळ सोसल्याने माणूस आपोआप समतावादी होत नाही, हे कटू सत्य चित्रकाराने बापाच्याच तोंडून वदवले. आमच्याही घराघरांत पोटजातीचा दर्प आणि बाईमाणसाला दुय्यम लेखण्याची खोड शिल्लक आहे. ती काढणारा चित्रकार आमच्यात निपजला तर आम्ही त्याला समाजद्रोही म्हणू काय? १९७८ सालीच दया पवारांचे 'बलुतं' आले, तेव्हा आमच्यातल्याच अनेकांना ते रुचले नव्हते. घरातली लाज चव्हाट्यावर कशाला, असे विचारले गेले. आज त्याच पुस्तकाचा आम्ही अभिमान सांगतो.

आता हाताच्या कामाविषयी. स्पीगलमनने आधी उंदरांची केसाळ, बारकाव्यांची चित्रे करून पाहिली. तीन पानांच्या गोष्टीत मांजरे अवाढव्य आणि उंदीर इवलेसे होते. पुढे त्याने दोघांचीही शरीरे माणसाच्या मापाची केली. उंदराचे तोंड म्हणजे एक त्रिकोण, डोळ्यांचे दोन ठिपके आणि भुवयांच्या दोन रेघा. मूळ चित्र छापील पानाएवढेच काढायचे, तेही साध्या कागदावर फाउंटन पेनने, आणि चुकले तर व्हाइटनर. चित्रकाराची सफाई दिसू नये, वही वाचल्यासारखे वाटावे, असा त्याचा आग्रह होता. तोंडावर फारसे काही नसल्याने वाचक त्यावर स्वतःचे माणूस पाहू लागतो. साधेपणा हा इथे गरिबीचा भाग नाही, विचाराचा आहे. महागडी साधने नाहीत म्हणून हात बांधून बसलेल्या आमच्या पोरांनी हे ध्यानात घ्यावे.

पोलिश माणसे त्याने डुकरांच्या तोंडाची काढली. जीव वाचवण्यासाठी ज्यू जेव्हा पोलिश म्हणून वावरतात तेव्हा उंदराच्या तोंडावर डुकराचा मुखवटा चढतो आणि मागे त्याची दोरी दिसते. बाबुराव बागुलांची 'जेव्हा मी जात चोरली होती' ही कथा वाचलेल्या माणसाला ती दोरी समजावून सांगावी लागत नाही. दुसऱ्या भागात तर चित्रकार स्वतःच्याच तोंडावर उंदराचा मुखवटा दाखवतो. तो आरेखनाच्या मेजावर बसला आहे, पहिल्या भागाला यश मिळाले आहे, आणि मेजाखाली प्रेतांचा ढीग आहे. आपल्या माणसांच्या मरणावर आपली कीर्ती उभी राहते आहे, ही टोचणी त्याने लपवली नाही.

खरेखोटे तपासण्याचीही त्याची एक रीत होती. ऑश्विट्झच्या फाटकाशी कैद्यांचा वाद्यवृंद वाजत असे, याचे कागदोपत्री पुरावे आहेत. बाप म्हणाला, मला फक्त चालणे आठवते, वाद्ये नाहीत. मुलाने काय करावे? त्याने वाद्यवृंद काढला आणि त्याच्यासमोरून चालणाऱ्या कैद्यांच्या रांगांनी तो जवळजवळ झाकून टाकला. बापाची आठवण खोटी ठरवली नाही आणि इतिहासही सोडला नाही.

हे काम छापायला सुरुवातीला प्रकाशक मिळेनात. स्पीगलमन आणि मूली यांनी १९८० साली 'रॉ' नावाचे स्वतःचे नियतकालिक सुरू केले. राहत्या जागेत छपाईयंत्र बसवले होते. 'रॉ'च्या दुसऱ्या अंकापासून 'माउस' प्रकरणाप्रकरणाने येऊ लागले. १९८२ साली व्लादेक वारला. काम अर्धवट होते, पण आवाज टेपांवर होता. १९८६ साली पहिला भाग पुस्तकरूपाने आला, १९९१ साली दुसरा, आणि १९९२ साली चित्रकथेला प्रथमच पुलित्झर पुरस्काराचा विशेष सन्मान मिळाला. जानेवारी २०२२ मध्ये अमेरिकेतल्या टेनेसी राज्यात एका शाळा मंडळाने हे पुस्तक आठवीच्या अभ्यासक्रमातून काढले. कारण सांगितले शिव्या आणि नग्नतेचे. लोकांनी उत्तर दिले ते पुस्तक विकत घेऊन.

चित्राची ताकद आम्हांला नवीन नाही. २०१२ साली एनसीईआरटीच्या पाठ्यपुस्तकातल्या शंकर यांच्या १९४९ सालच्या व्यंगचित्रावरून संसदेपर्यंत वादळ उठले. गोगलगायीवर बसलेले बाबासाहेब आणि मागे चाबूक घेतलेले नेहरू! पुढे २०१९ साली उन्नमती श्याम सुंदर यांनी बाबासाहेबांवरची त्या काळची व्यंगचित्रे एकत्र करून प्रस्थापितांची नजर कशी होती ते उघड केले. ती चित्रे आमच्याविषयी होती, आमच्या हातची नव्हती. २०११ साली 'भीमायन' आले, तेव्हा दुर्गाबाई व्याम आणि सुभाष व्याम या परधान गोंड कलावंतांनी पात्रांना चौकटीत कोंडायला नकार दिला. सौम्य बोलण्याला पक्ष्याच्या आकाराचा फुगा आणि जातीचे विष ओकणाऱ्या बोलण्याला विंचवाच्या नांगीचा, अशी स्वतःची भाषा त्यांनी घडवली. म्हणजे वाट आहे. चालणारे हवेत.

ज्यूंचा संहार आणि आमची जातिव्यवस्था या एक गोष्टी नाहीत, हे आम्ही जाणतो. परंतु एक धडा दोघांनाही सारखाच लागू आहे. आन्याने आपल्या आठवणी वह्यांत लिहून ठेवल्या होत्या. तिच्या मरणानंतर व्लादेकने दुःखाच्या भरात त्या जाळून टाकल्या. मुलाला हे कळले तेव्हा तो बापाला खुनी म्हणाला. आई त्या पुस्तकात आहे, पण ती बापाच्या शब्दांत. तिचा स्वतःचा आवाज कायमचा गेला.

१९५६ च्या दीक्षेला जी मुले दहा वर्षांची होती ती आज ऐंशीच्या आसपास आहेत. त्यांच्या वह्या नाहीत, कारण कित्येकांना लिहायला कोणी शिकवलेच नाही. त्यांच्या आठवणी जाळाव्या लागणार नाहीत, त्या त्यांच्याबरोबरच जातील. आमच्या प्रत्येक तरुणाच्या खिशात आज आवाज टिपणारा मोबाइल आहे. जयंतीच्या डीजेसाठी वर्गणी गोळा करणाऱ्या मंडळांनी यंदा एका चित्रकार पोराला कागद आणि शाई घेऊन द्यावी आणि वस्तीतल्या एका म्हातारीसमोर बसवावे. ती रागावेल, विसरेल, खोटेही बोलेल, शेजारणीला नावे ठेवेल. ते सगळे टिपावे. तिला देवी करू नये. ती माणूस होती, हे जगाला दाखवण्यासाठीच तर एवढा लढा झाला.

जय भीम!