शिसपेन्सिलीत शिसे नाही, मग ते असते कुठे?

पेन्सिल चावणाऱ्या मुलाला आपण हमखास दटावतो, "अरे, शिसं पोटात जाईल!" खरे तर शिसपेन्सिलीत शिसे नसतेच. ती काळी कांडी ग्राफाइट आणि मातीची असते. पूर्वी लोक ग्राफाइटलाच शिसे समजत, त्यावरून हे नाव पडले. खरे शिसे मात्र वेगळ्याच वाटांनी मुलांच्या पोटात जाते. शिक्षक-पालकांनी त्या वाटा ओळखायला हव्यात.

जड धातूंचे वेगळेपण

शिसे, पारा, कॅडमियम हे जड धातू आहेत. केळीची साल मातीत कुजून जाते, पण धातू हे मूलद्रव्य असल्याने कुजत नाही, जळून नाहीसे होत नाही. ते फक्त जागा बदलते. भारतात शिसेयुक्त पेट्रोल २००० साली बंद झाले, पण त्याआधी धुरातून रस्त्याकडेच्या मातीत पडलेले शिसे आपोआप संपत नाही.

शिसे येते कुठून?

१) जुना ऑइलपेंट : खिडक्या, दारे, बाक, घसरगुंडी यांवरचे पोपडे आणि त्यांची धूळ.
२) जुन्या बॅटऱ्या : उघड्यावर फोडून शिसे वितळवले की आसपासची माती दूषित होते.
३) भेसळीची हळद : पिवळाधमक रंग यावा म्हणून काही जण लेड क्रोमेट मिसळतात.
४) शेंदूर : पारंपरिक शेंदूर म्हणजे शिशाचेच ऑक्साइड.

मुलांनाच जास्त धोका का?

मुले जमिनीवर खेळतात आणि तोच हात तोंडात घालतात. पोटात गेलेले शिसे मुलांच्या शरीरात मोठ्यांच्या चार ते पाच पट शोषले जाऊ शकते. शरीर शिशाला कॅल्शियम समजून फसते व हाडांत साठवते. वाढत्या मेंदूवर त्याचा परिणाम होतो. एकाग्रता कमी होते, शिकणे मंदावते, वागण्यात बदल होतो. रक्तक्षयही होऊ शकतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या मते शिशाचे कोणतेही प्रमाण सुरक्षित म्हणता येत नाही.

सुरुवातीला बाहेरून काहीच दिसत नाही. 'याचं लक्षच नसतं' असे आपण ज्याच्याबद्दल म्हणतो, त्याच्या मागे अनेक कारणे असू शकतात, त्यातले एक हेही असू शकते. शंका असेल तर डॉक्टरांना विचारून रक्ततपासणी करावी. नुसत्या अंदाजाने मुलावर शिक्का मारू नये.

आपण काय करू शकतो?

जेवणाआधी साबणाने हात धुणे ही सवय इथेही कामी येते. शेंदूर हाताळल्यावरही हात धुवावेत. सुटी, भडक पिवळी हळद टाळावी. नाचणी, दूध, पालेभाज्या, कडधान्ये पोटभर मिळाली तर शिसे कमी शोषले जाते, कारण लोह व कॅल्शियम कमी असलेल्या शरीरात ते जास्त शिरते.

आणि शाळा रंगवायला काढाल तेव्हा एक लक्षात ठेवा. नोव्हेंबर २०१७ पासून घरगुती रंगांत शिशाची मर्यादा ९० पीपीएम आहे, त्यामुळे डब्यावर तसा उल्लेख पाहूनच रंग घ्या. जुना रंग कोरडा खरवडू नका, पाणी मारून काढा, पोपडे झाडून मैदानात टाकू नका. हे काम सुट्टीत, मुले नसताना करा आणि शाळा भरण्याआधी वर्ग ओल्या फडक्याने पुसून घ्या.